गर्भजलपरीक्षा

भाचीला बारावा आठवडा लागला, तेव्हा रांजणगावच्या आमच्या डॉक्टरांनी डबल मार्करची चिठ्ठी दिली. बाहेर येताच तिने हळूच विचारले, "मामा, हा गुन्हा नाही ना?"

प्रश्न भाबडा नव्हता. गर्भजलपरीक्षेने आपल्याकडे मुलींचाच माग काढला. १९८८ साली, देशात सर्वप्रथम, महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हापासून गर्भाची प्रत्येक तपासणी संशयितच.

आम्ही परत आत गेलो.

"यात फक्त तुझे रक्त तपासतात. डाउन सिंड्रोमची शक्यता किती, एवढेच कळते. निदान नव्हे."

(हे आधीच सांगायला हवे होते, पण बाहेर रांग होती.)

"आणि शक्यता जास्त निघाली तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी. करायची की नाही, ते तू ठरवायचे."

चिठ्ठी अजून तिच्या पर्समध्येच आहे. मुदत उरली आहे आठ दिवसांची.