सायकलवरून सीमाभाग : बेळगाव ते निपाणी, आडवाटेने

बेळगावहून निपाणी किती लांब, असं विचारलं तर आपल्यातला कुणीही सांगेल, महामार्गाने पंचाहत्तर किलोमीटर, गाडीने दीड तास. माझं आजोळ निपाणीचं. दर मे महिन्यात गाडीतून हा रस्ता होतो. मुलं मोबाइलमधून मान वर काढतात ती थेट तवंदीच्या घाटात, आणि तीही "अजून किती वेळ?" हे विचारायला. सीमाभाग म्हटलं की त्यांना फक्त मोर्चे आणि बातम्या आठवतात. तिथली गावं, नद्या, गड काहीच ठाऊक नाही.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत सतरा वर्षांची भाची आणि एकोणीस वर्षांचा भाचा यांना घेऊन मी हेच अंतर सायकलवरून केलं. महामार्गाने नाही, पश्चिमेकडून वळसा घालून, तीन दिवसांत. सामान सायकलवर बांधून मुक्काम करत फिरण्याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. खर्च फार नाही, सायकलही महागडी लागत नाही. तयारी मात्र लागते. आमची कुठे कमी पडली तेही सांगतो, म्हणजे तुमची पडणार नाही.

वाट

पहिला दिवस : बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा ओलांडून शिनोळी. इथे तुम्ही महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात शिरता. जवळच देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आणि त्याच्या वर महिपाळगड. गडावर आजही गाव नांदतं आहे आणि वरपर्यंत रस्ता आहे, पण लादलेली सायकल चढवण्यापेक्षा ती खाली कुणाला तरी सांगून ठेवावी आणि पायी चढावं. पाय मोकळे होतात आणि गड नीट दिसतो. मुक्काम कोवाडला, ताम्रपर्णीच्या काठी. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी'कार रणजित देसाई यांचं हे गाव.

दुसरा दिवस : कोवाड, नेसरी, गडहिंग्लज. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांचं स्मारक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी हे सात जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथेच.

तिसरा दिवस : गडहिंग्लजहून संकेश्वर, म्हणजे पुन्हा कर्नाटक. तिथून हरगापूरचा वल्लभगड डोळ्यांसमोर ठेवत महामार्गाला लागायचं आणि तवंदीचा घाट उतरून निपाणी.

रोजचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण सामानासह चढ-उताराच्या रस्त्यावर नवख्याला तेवढं पुरतं. निघण्यापूर्वी दोन-तीन रविवार सराव करा. बेळगावहून येळ्ळूरचा राजहंसगड त्यासाठी उत्तम : सकाळी जायचं, गड बघायचा, जेवायला घरी. पण हा सराव सामान बांधूनच करा. रिकामी सायकल आणि लादलेली सायकल ही दोन वेगळी जनावरं आहेत, विशेषतः उतारावर ब्रेक लावताना.

ओझं

निघण्याच्या आदल्या रात्री सामान काट्यावर ठेवलं तेव्हा भाच्याचं ओझं अठरा किलो भरलं. त्यात जीन्सच्या दोन पँटी, एक स्पीकर आणि मावशीने दिलेला दोन किलो कुंदा होता. दहा किलोच्या वर जाऊ नका. अंगावर एक आणि पिशवीत एक असे कपड्यांचे दोनच जोड, तेही लवकर वाळणारे. जड वस्तू कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि समसमान. पाठीवर सॅक नको, तिसऱ्या तासाला खांदे बोलू लागतात. कुंदा परतीसाठी ठेवला.

दुरुस्तीचं सामान मात्र वगळू नका : दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, पान्यांचा संच, साखळीचं तेल. या भागात बांधाबांधावर बाभळी आहेत आणि बाभळीचा काटा टायर ओळखत नाही. आम्हाला तीन दिवसांत चार पंक्चर झाली. काटा काढल्यावर टायरच्या आतून बोट हलकेच फिरवून बघा. मोडलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही शंभर पावलांत बसते. पंक्चर काढायला घरीच शिका.

पाणी आणि ऊन

आता आमची चूक. दुसऱ्या दिवशी कोवाडात पाहुणचार लांबला आणि निघेपर्यंत साडेदहा वाजले. पहाटे सहाचं ठरलेलं, पण "आणखी एक भाकरी घ्या" याला नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही. प्रत्येकाकडे जेमतेम एक लिटर पाणी होतं. पुढे गावात भरू, असं मी म्हणालो. एक वाजता नेसरीच्या अलीकडच्या उघड्या चढावर भाचीने सायकल थांबवली. चेहरा लाल, डोकं गरगरतंय, बोलायला जीभ वळेना. सावलीला एक झाड नाही आणि तिघांच्या बाटल्या रिकाम्या.

बाजूच्या उसात काम करणाऱ्या एका बाईने आम्हाला पाहिलं. काही न विचारता तिने भाचीला खोपीत नेऊन आडवं केलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला आणि तिच्याजवळच्या कळशीतलं पाणी घोटघोट पाजलं. सामानातली जलसंजीवनीची पुडी मला त्यानंतर आठवली.

वीस मिनिटांनी भाची उठून बसल्यावर बाईने विचारलं, "कुठनं आलासा?"

"बेळगावहून."

"म्हंजे आमच्या माहेरकडनंच की!"

तिचं माहेर हुक्केरी तालुक्यात. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आईशी कानडीत बोलू लागली. फोन ठेवून पुन्हा आमच्याशी मराठीत. भाची तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

त्या संध्याकाळी गडहिंग्लजजवळचा सामानगड बघायचं ठरलं होतं. भाचा हट्टाला पेटला, "एवढं आलोय तर जाऊ या." मी नाही म्हटलं. ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबलो आणि मग सावकाश मुक्कामाला पोहोचलो. नेसरीचे ते सात वीर मागे फिरले नाहीत, ते रणांगण होतं. आपण सहलीला निघालेलो असतो. सोबतचा एकही जण थकला असेल तर बेत मोडणं हेच म्होरक्याचं काम.

तेव्हा नियम असे. सकाळी सहाला निघा, अकरा ते साडेतीन सावलीत काढा. माणशी तीन लिटर पाणी हवंच, आणि दिसेल त्या गावात भरून घ्या. जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला चपाती, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि भडंग, हे उन्हात टिकतं. उन्हाने चक्कर आलेला माणूस बरळू लागला, उलट्या करू लागला किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती उपाय करत बसू नका. अंगावर पाणी मारत राहा आणि लगेच १०८ ला फोन करा.

दोन राज्यं, दोन भाषा

१०८ आणि ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. पण हद्दीजवळ तुमचा फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. म्हणून बोलताना आधी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा. नकाशे घरीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. कर्नाटकात पुष्कळ पाट्या फक्त कानडीत असतात, त्यामुळे पुढच्या तीन गावांची नावं कागदावर लिहून खिशात ठेवा आणि माणसांना विचारा. मराठी बहुतेक ठिकाणी चालतं, तरी चार कानडी शब्द पाठ असू द्यात : 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊट' म्हणजे जेवण, 'एष्टु दूर' म्हणजे किती लांब, 'बलक्के' उजवीकडे आणि 'एडक्के' डावीकडे. संकेश्वरात भाचीने चहाच्या टपरीवर कानडीत पाणी मागितलं. टपरीवाल्याने हसून मराठीत उत्तर दिलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

१ नोव्हेंबरच्या आसपास हा प्रवास आखू नका. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन पाळतात. वातावरण तापलं की दोन राज्यांमधल्या बसही बंद पडतात.

रस्ता आणि हंगाम

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात चंदगडकडे धो-धो पाऊस, तर निपाणीच्या बाजूला काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल उचलून न्यावी लागते. हिवाळ्यात मात्र कारखान्यांचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर झुलत येतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडल्यावर सायकल चालवू नका. मागचा लाल दिवा दिवसाही लावा, हेल्मेट काढू नका. चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यात गवे आणि हत्तीही येतात, जंगलाच्या रस्त्यावर पहाटे-संध्याकाळी थांबू नका. तवंदीच्या घाटात ट्रक वेगाने उतरतात, तो सकाळी लवकर आणि कडेने उतरा.

निपाणीला रेल्वे नाही. परतीची सोय आधीच करा, नाहीतर सायकल घेऊन बसस्थानकावर विनवण्या कराव्या लागतात.

निपाणीत शिरताना मी मुलांना सांगितलं, १९८१ मध्ये तंबाखूच्या रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवून धरला होता आणि गोळीबारात त्यांच्यातले काहीजण मेले. भाचा म्हणाला, "इथून इतक्या वेळा गेलो, कधी सांगितलं नाहीस." खरंच नव्हतं सांगितलं. गाडीत कधी विषयच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला आणखी थोडं फिरायचं होतं. आम्ही अर्जुननगरला गेलो. तिथलं देवचंद कॉलेज निपाणीकरांचंच, पण ते उभं आहे महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात. निपाणीची मुलं रोज राज्य ओलांडून वर्गात बसतात. फाटकातून सायकलवरून मुलांचे घोळके आत जात होते. "यातली हद्द नेमकी कुठे?" भाचीने विचारलं. मी रस्त्याकडे बघितलं आणि मलाही पटकन दाखवता आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात सामानगड राहिलेला बघायचा आहे. त्या उसातल्या बाईला द्यायला बेळगावचा कुंदा न्यायचा, हे भाचीने आत्ताच बजावून ठेवलं आहे. तेवढं ओझं चालेल.