२३ वर्षांनंतरच्या दुरुस्तीबद्दल

आदरणीय डॉ. धनंजय मोहबे यांस,


तरुण संशोधकांचे अर्ज हल्ली वरचेवर माझ्या हाती येतात. शोधनिबंध किती, सहलेखक कोण, उद्धरणे किती, एच-इंडेक्स किती, असे रकाने. ते भरताना मुलांची होणारी घालमेल पाहिली की तुमचा १९८७ सालचा निबंध आठवतो. हे पत्र उघड लिहिते आहे, कारण रकाने आखणाऱ्यांनीही ते वाचावे.

गुजरातेत धोळी डुंगरीजवळ लॅमेटा थरांच्या चुनखडीत तुम्हाला डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्यालगत नाजूक हाडे सापडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत असताना तुम्ही ती प्रकाशात आणलीत. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सॉरोपॉड डायनोसॉरच्या पिल्लाची हाडे, असे त्यांचे वर्णन तुम्ही जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात छापले. पुढे २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला. त्यातल्या काही मणक्यांना एकमेकांत गुंतणारे जादा सांधे होते. असे सांधे सापाच्या मणक्यांना असतात.

२००४ मध्ये रीतसर करार झाला, दगड मिशिगनला गेला आणि तिथे त्याची आणखी बारकाईने सफाई झाली. तेव्हा समोर आले ते असे: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचे पिल्लू. सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी गाळाने दोघांना एकाच वेळी गाडले होते. आजच्या अजगराइतका जबडा या सापाला फाकवता येत नव्हता. पिल्लू मात्र त्याच्या आवाक्यात होते. सानाजेह इंडिकस हे त्याचे नाव २०१० च्या मार्चमध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखक चार: विल्सन, तुम्ही, थरांचा अभ्यास करणारे शानन पीटर्स आणि सापांचे जाणकार जेसन हेड. अंडी, डायनोसॉर, साप आणि गाळ, एवढे सगळे एकट्या माणसाला वाचता येणे कठीणच होते. सहकार्य कशाला म्हणतात हे विद्यार्थ्यांना सांगताना मी हेच उदाहरण देते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसऱ्या क्रमांकावरची तुमची सही. ज्या निबंधाने तुमचे १९८७ चे वाचन बदलले, त्याचे तुम्हीच सहलेखक झालात. आपल्या छापील विधानाला चिकटून बसलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून या सहीचे वजन मला कळते.

आता मोजमापाकडे येते. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना फक्त मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना मिळालेली उद्धरणे धरतात. तुमच्या दगडाचा अर्थ उलगडायला २३ वर्षे लागली. आणि उद्धरण निबंधाला मिळते. नमुना कुणी शोधला, सांभाळला आणि दुसऱ्याच्या नजरेसमोर खुला ठेवला, याची बेरीज कुठेच होत नाही. अंड्यांच्या प्रकारांचेही तसेच. मेगालूलिथस धोरीडुंगरीएन्सिस या नावापुढे ‘मोहबे, १९९८’ लिहिले जाते, पण असे नाव संदर्भयादीत नसेल तर मोजणाऱ्या यंत्रणेला ते दिसत नाही. सर्वेक्षणाच्या अहवालांत आणि विशेष प्रकाशनांत छापलेले काम तर फार थोड्यांपर्यंत पोचते. आमच्या विदर्भातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म-विष्ठेवरही तुम्ही काम केलेत. त्याच गावच्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, तेव्हा डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते ही समजूत मोडली. अशा शोधांच्या मुळाशी वर्षानुवर्षे उन्हात केलेली थरांची नोंद असते. तिला कुठल्याच अर्जात गुण नाहीत, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो.

अर्ज तपासणाऱ्यांकडे माझी मागणी आहे: ‘शोधलेले व जतन केलेले नमुने’ असा एक रकाना वाढवा. आणि तुमच्याकडे एक विनंती. ते मणके सापाचे आहेत हे पटले तेव्हा तुमच्या मनात काय आले, कोणती जुनी टिपणे पुन्हा उघडलीत, कशावर हरकत घेतलीत, हे सविस्तर लिहा. निबंधात त्याला जागा नसते. ते छापून आले तर पुढच्या वर्षीच्या वर्गात पहिल्याच तासाला मी ते वाचायला देईन.

आपली नम्र,
भूविज्ञानाची एक शिक्षिका