टाकीची जबानी

जुन्या मोटरसायकलची टाकी पारखताना लोक डोळ्याला जो मान देतात तो वस्तुतः कानाला मिळायला हवा, असे माझे पुष्कळ वर्षांचे मत आहे. आणि नेमका तो कानच मला दगा देऊ लागल्यामुळे या मताकडे पुन्हा एकवार पाहण्याची पाळी माझ्यावर आली आहे. आयुष्यभर पत्र्यावर हातोडी चालवणाऱ्याचे कान प्रथम बारीक स्वर गमावतात, आणि पत्र्याचा खरेपणा तर बारीक स्वरांतच वस्तीला असतो.

डोळ्यांच्या पुराव्याविषयी व्यवसायबंधूंना मी काय सांगावे? म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेल्या जावाची टाकी कोणती आणि पुढे येझदी हे नाव धारण केलेल्या गाडीची कोणती, हे झाकणाच्या घाटावरून, माथ्यावर किल्लीचे भोक असण्या-नसण्यावरून, गुडघ्याच्या रबरी गादीच्या स्क्रूंवरून आणि पेट्रोल कॉकच्या आट्यांवरून कोणीही जाणता कारागीर सांगेल. परंतु हा सारा दस्तऐवज बनावट करता येतो, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडल्यापासून जुन्या टाक्यांना जसजसा भाव चढत गेला तसतसा तो केलाही जातो. झाकण खरे, कॉक खरा, बिल्ला खरा, आणि मधला पत्रा मात्र कालपरवा वळवलेला, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे.

म्हणून बाजारात मडके वाजवून घेतात तशी मी टाकी वाजवून घेतो. झाकणाच्या कडेपासून सुरुवात करून बोटाच्या पेराने ठोकत खालच्या बोगद्याच्या काठापर्यंत उतरायचे. मूळ पत्रा खणखणीत बोलतो. जिथे खळगा उचलण्याचे कष्ट टाळून लांबी थापली असेल तिथे आवाज बद्द येतो. जुन्या कारागिराने डाख भरला असेल तर आवाज जड, पण प्रामाणिक असतो. खरी अडचण चौथ्या आवाजाची. आतून गंजून कागदासारखा झालेला पत्रा धड खणखणत नाही की धड बद्द होत नाही. त्याच्या स्वराच्या शेवटी एक किंचित चिरका कंप असतो, आणि रंगाच्या चकचकीत थराखालून तेवढा एकच साक्षीदार खरी जबानी देतो. तो कंप मला ऐकू येईनासा झाला आहे.

हा गंज नेहमी बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या तळाशी धरतो, कारण पेट्रोलहून जड असलेले पाणी तिथेच जाऊन बसते. जावाच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेले असल्यामुळे चालत्या गाडीच्या टाकीला आतून एक स्निग्ध संरक्षण आपोआप लाभे. बुलेटच्या टाकीला ते भाग्य कधीच नव्हते. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आले आहे, ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तळाशी ते पाणी वेगळे होऊन साचते. कोल्हापुरात, उसाच्या मुलखात राहून, इथेनॉलला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे आहे, हे मला कळते, तरीही ठेवतो.

गंज काढण्यासाठी टाकीत तीव्र ॲसिड ओतणाऱ्यांविषयी माझे मत याहून कडक आहे. ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. मी धुण्याच्या सोड्याचे पाणी भरतो, तोंडातून पत्र्याला न टेकेल अशी लोखंडी सळई सोडतो, आणि बॅटरी चार्जरचा धन ध्रुव सळईला व ऋण टाकीला जोडून धीर धरतो. आतून रेझिनचा लेप ओतून मोकळे होणारे आमचे काही नामांकित प्रतिस्पर्धी याला म्हातारपणाचा छंद म्हणतात. त्यांचा लेप कालांतराने सोलपटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो, तेव्हा तीच गाडी माझ्याकडे येते, आणि मला जो आनंद होतो तो सज्जनाला शोभणारा नसतो.

हे सारे अजून निभते. ठोकण्याचे मात्र निभत नाही. माझ्या हाताखालचा मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा आहे. मी ठोकत असता तो पलीकडून एकदा म्हणाला, ‘‘मिस्त्री, इथं चिरकतंय.’’ मी ‘‘माहीत आहे’’ असे उत्तर दिले. मला माहीत नव्हते. तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर टाकी मीच ठोकतो, मुद्रा गंभीर ठेवतो, क्षणभर डोळेही मिटतो, आणि उघडल्यावर प्रथम त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याची भुवई हलली की तिथे खडूची खूण करतो. त्या खुणेखालचा रंग खरवडला की पत्रा चाळणी निघतो आणि गिऱ्हाईक माझ्या कानाची तारीफ करते. ती तारीफ मी कधी नाकारलेली नाही, आणि मुलानेही ती कधी मागितलेली नाही. यात मोठेपणा कोणाचा, हे सांगायला नको.

टाकी मूळची आहे असा लेखी दाखला मागणारी गिऱ्हाइके अलीकडे वाढली आहेत. माझ्या दुकानातून तो दाखला आजही मिळतो. त्यातला निर्णय त्या मुलाचा असतो. सही अद्याप माझी आहे.