घड्याळाच्या पुढे, सात हजारांत

'ओव्हरक्लॉकिंग' या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. 'अतिवेगन' असा एखादा शब्द पाडता येईल. पण ग्रँट रोड स्थानकाला उतरून लॅमिंग्टन रोडवरील दुकानात तो उच्चारण्याचे धैर्य मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आमच्याही अंगी नाही. 'मदरबोर्ड'चा 'मातृफलक' करून पाहिला, तर तो एखाद्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमातला वाटला. तेव्हा शब्द आहेत तसे ठेवून अर्थाकडे वळणे बरे.

प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा. त्याला ३७ या गुणकाने गुणले की ३.७ गिगाहर्ट्झ. उत्पादकाने नेमून दिला त्याहून मोठा गुणक लावून प्रोसेसरला ठरल्या घड्याळापुढे पळवायचे, एवढाच ओव्हरक्लॉकिंगचा अर्थ. आम्हां दोघांना तो समजावून सांगावा लागला नाही. आम्ही 'क्लॉक अवर बेसिस'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन घड्याळी तासाचे. वह्या तपासणे, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, अहवालांची रकानेभरती हे सारे घड्याळाबाहेरचे.

आमची गरज चैनीची नव्हती. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चालले. त्याचे काही बांधीव खंड आम्हांला उन्हाळी सुटीपुरते हाताळायला मिळाले. दिवसा पानांची छायाचित्रे घ्यायची, रात्री टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीकडून त्यांतील देवनागरी मजकूर उतरवून घ्यायचा, आणि सकाळी जी पाने नीट वाचली गेली नाहीत ती खंड हाताशी आहे तोवर पुन्हा टिपायची, असा क्रम होता. रात्रीचे काम रात्रीत संपले नाही तर हा क्रम मोडणार. एका माजी विद्यार्थ्याने दिलेला रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आमच्याकडे होता. पण घरातला जुना मदरबोर्ड ए३२० चिपसेटचा, आणि त्या चिपसेटवर प्रोसेसरचा गुणक बदलता येत नाही. नवा बोर्ड घ्यायचा तर सुटीत मानधन शून्य. दोघांनी मिळून मर्यादा ठरवली: पंख्यासह सात हजार.

ओव्हरक्लॉकिंग हा मुळात कमी पैशांतल्या लोकांचाच उद्योग. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा गुणक ४.५ असा पक्का बांधलेला, पण मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेला की ३०० चे सरळ ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि महागड्या पेंटियम २ शी तो बरोबरी करी. पुढे कंपन्यांनी ही वाट अरुंद केली. आज इंटेलमध्ये साधारणतः 'के' अक्षराचा प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड असा दुहेरी खर्च केल्यावाचून गुणकाला हात लावता येत नाही. एएमडीने २०१७ पासून रायझनचे गुणक बहुतेक मोकळे ठेवले आणि मधल्या 'बी' मालिकेच्या बोर्डांनाही ती मुभा दिली. आमच्यासारख्यांना दार उरले ते हे.

तेथेही एक मेख आहे. बी४५० पेक्षा बी५५० नवा, म्हणून तोच घ्यावा असे कोणालाही वाटेल. परंतु बी५५० अधिकृतपणे रायझन ३००० पासूनच्या पिढीसाठी आहे, २६०० त्याच्या यादीत नाही. उलट २०१८ चा बी४५० आमचा प्रोसेसर चालवतो आणि बायोस अद्ययावत केल्यास रायझन ५००० ही स्वीकारतो. जुनी आवृत्ती अधिक उपयुक्त ठरावी, हा अनुभव पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना नवा नाही.

खरी पारख मात्र चिपसेटच्या पुढे सुरू होते. कॅम्प ४ मध्ये लालचक्कीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने आम्हांला ती एका वाक्यात सांगितली: "सर, मॅडम, डबा वाचू नका, बोर्ड वाचा." त्याने बोट ठेवले ते प्रोसेसरच्या खोबणीशेजारी ओळीने बसलेल्या चौकोनी तुकड्यांवर. त्या जागेला व्हीआरएम म्हणतात. वीजपुरवठ्याकडून येणारे १२ व्होल्ट तेथे सव्वा-दीड व्होल्टांपर्यंत उतरवले जातात. व्होल्ट उतरले की अँपिअर चढतात. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर १.३ व्होल्टला १०० वॅट घेत असेल तर सुमारे ७७ अँपिअर प्रवाह त्या नखाएवढ्या तुकड्यांतून जातो. घरातला गीझरचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. हा भार चार टप्प्यांत वाटला तर प्रत्येकावर १९ अँपिअर येतात. म्हणून टप्पे किती, हे पाहायचे. डब्यावर 'सहा' छापलेले असते, तेव्हा ते पुष्कळदा चार अधिक दोन असतात आणि प्रोसेसरच्या कोअरना चारच मिळतात. त्या तुकड्यांवर जाड, खाचांचे ॲल्युमिनियम आहे की नुसते शोभेचे झाकण, हेही पाहायचे. वापरलेला बोर्ड असेल तर त्या भागाभोवती काळवंडलेपण नाही ना, हे उजेडात धरून तपासायचे.

उष्णतेचा हिशेब तर निष्ठुर आहे. ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.७ वरून ४ गिगाहर्ट्झला जाण्यासाठी १.२ चे १.३ व्होल्ट करावे लागले, तर वेग ८ टक्के वाढतो आणि उष्णता सुमारे २७ टक्के. शिवाय परदेशी परीक्षणे २०-२२ अंशांच्या खोलीत केलेली असतात. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात पारा ३६ वर असतो. ते १४ अंश बोर्डावरील प्रत्येक तुकड्याच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे मिळवायचे.

हे गणित मांडताना आम्हांला आमचे गाव आठवणे अपरिहार्य होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरचा पाया घातला गेला, आणि 'कॅम्प' हा शब्द पत्त्यात कायमचा राहिला. येथील माणसांनी बराकींतून बाजारपेठ उभी केली. नेमून दिलेल्या ताकदीच्या पलीकडे चालणे हा या शहराचा स्वभावच आहे. पण नव्वदीच्या दशकात उलवा रेतीवर चढवलेले मजलेही येथलेच. मे २०२१ मध्ये, एकाच महिन्यात, अशा दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. वर किती चढवले हे रस्त्यावरून दिसत होते. खाली काय घातले आहे, हे दिसत नव्हते.

म्हणून दुकानात आम्ही दिव्यांची रोषणाई असलेला आणि डब्यावर अधिक आकडे असलेला बोर्ड बाजूला ठेवला, व जाड ॲल्युमिनियमचा, रूपाने अगदी सामान्य, वापरलेला बी४५० घेतला. उरलेल्या पैशांत १२० मिलिमीटरचा पंखा आला. तो व्हीआरएमवर वारा जाईल असा बसवला. गुणक ४० वर प्रोसेसर चालला. बारा तासांचे काम अकरा तासांत होऊ लागले. मे चढला तसा आम्ही तो ३९ वर आणला. लाभ एवढाच, आणि तो फार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण सहाही कोअर रात्रभर पूर्ण भाराने चालले आणि एकाही सकाळी यंत्र बंद पडलेले दिसले नाही. सात हजार खरे तर त्यासाठी होते.

खंड जूनमध्ये वेळेवर परत गेले. नव्या सत्राचे तासही हाती आले आहेत. दोघांच्या वेळापत्रकात गेल्या वर्षीपेक्षा एकेक विषय अधिक आहे, आणि कागदावर घड्याळी तास तेवढेच.