आधी गिऱ्हाईक, मग गॅरेज

“तुमच्या हातच्या चटण्या विकायला ठेवा, हातोहात खपतील!” असे कौतुक ऐकले की कितीतरी गृहिणींच्या मनात उद्योगाचा विचार डोकावतो. मग मोठा मिक्सर येतो, बरण्या येतात, लेबले छापली जातात. घरातली शिल्लक संपते, क्वचित बांगड्याही गहाण पडतात आणि शेवटी प्रश्न उरतो, घेणार कोण? खरे तर कागदावर सर्वांत आधी हाच प्रश्न उतरायला हवा.

किरण मजुमदार यांची कहाणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांचे वडील मद्यनिर्मितीतले नामवंत तज्ज्ञ. किरण यांनीही १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे तेच शास्त्र शिकून घेतले. पण मायदेशी ‘हे पुरुषांचे काम’ म्हणून त्यांना कोणी नोकरी देईना. हाती विद्या होती आणि दारे बंद होती.

अशा वेळी आयर्लंडच्या ‘बायोकॉन बायोकेमिकल्स’चे लेस्ली ऑकिनक्लॉस यांना भारतात भागीदार हवा होता. १९७८ मध्ये बंगलोर, म्हणजे आजच्या बेंगळुरूत, भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये १० हजार रुपयांवर ‘बायोकॉन इंडिया’ सुरू झाली. किरण तेव्हा २५ वर्षांच्या होत्या.

माल दोनच. पपईच्या चिकातले पपेन आणि माशाच्या हवेच्या पिशवीपासून मिळणारे आयझिंग्लास. दोन्ही बिअर नितळ करण्यासाठी लागणारे. भांडवल तुटपुंजे होते. पण काम माहितीतले, कच्चा माल देशातला आणि माल घेणारी कंपनी तर भागीदारच! वर्षभरात निर्यात सुरू झाली.

तरीही बँका कर्ज देताना कचरत. तरुण वय, त्यातून बाईमाणूस आणि धंदा कधी न ऐकलेला. अखेर एका बँक अधिकाऱ्याने विश्वास टाकला.

तुमच्या चटणीसाठीही चार पानांची योजना पुरेशी आहे. पहिल्या पानावर गिऱ्हाइके लिहा: कोणती दुकाने, कोणती घरे, महिन्याला किती किलो, काय भावाने. शेजारणीचे कौतुक यात धरू नका. दुसऱ्या पानावर कच्चा माल, हंगामातला आणि हंगामाबाहेरचा भाव. तिसऱ्यावर एका किलोचा खर्च. त्यात गॅस, पॅकिंग, रिक्षाभाडे आणि स्वतःची मजुरीही मांडा. बहुतेक बायका हीच विसरतात. चौथ्यावर उधारी. दुकानदार महिन्याने पैसे देणार असेल, तर तोवरचे मिरच्या-तेलाचे पैसे कुठून येणार? खाद्यपदार्थांसाठी लागणाऱ्या नोंदणीचीही सोय याच पानावर करा.

२०१५ पासून मुद्रा योजनेत छोट्या उद्योगांना विनातारण कर्ज मिळते. पण बँकेचा अधिकारी प्रकल्प अहवाल मागतोच. ही चार पाने म्हणजे तोच अहवाल.

बायोकॉनचे समभाग २००४ मध्ये शेअर बाजारात आले. प्रत्येक गॅरेजची अशी कंपनी होत नाही. पण पहिले पान कोरेच राहिले, तर मिक्सर घेऊ नका. बांगड्या हातातच राहू द्या आणि आधी दहा दुकाने फिरून या.