कंपालाहून आईला

कंपाला, मंगळवार रात्र



पोचले. दादाने सांगितलं असेलच. फार दमलेय, चार ओळी लिहून झोपते. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड दाखवूनही विमानतळावरच्या एका माणसाने मला बाजूला उभं केलं. तारीख नीट दिसत नाही म्हणाला. मागची सगळी रांग पुढे सरकली आणि माझं कार्ड त्याच्या कोपराखाली तसंच. शेवटी न बघताच शिक्का मारला. अजून डोकं तापलंय.

संध्याकाळपासून पाऊस आहे. विषुववृत्त इथून जवळ, पण शहर बाराशे मीटर उंचावर, रात्री तुझी शाल लागते. जेवायला मटोके होतं. हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानात बांधून वाफवायची आणि पानातच दाबून मऊ करायची. वर शेंगदाण्याची दाट आमटी. तिखटाचं नाव नाही. बाबांना चाललं असतं, मला तुझी सुकटीची चटणी हवी होती. घरी पाण्याचा टँकर मागवावा लागला का? बादल्या दादाला उचलू दे.

शुक्रवार

नॅशनल थिएटरच्या मागच्या बाजारात ज्याला भेटायचं होतं तो भेटला. केळीच्या सोपटाची चित्रं करतो. रंगाचा थेंब वापरत नाही. केळीच्या खांबाचे बाहेरचे सोप काळपट, मधले तपकिरी, आतले फिके पिवळे, पावसात भिजून डाग पडलेले आणखी वेगळे. सगळ्यांचे ढीग लावलेले. बाटली फिरवून सोप सपाट करायचा, ब्लेडने नखाएवढे तुकडे कापायचे आणि गोंदाने एकाला एक भिडवून बसवायचे. व्हिक्टोरिया सरोवरातल्या होडीचं चित्र चाललं होतं. पाण्याचे तुकडे आडव्या धाग्याचे, नावाड्याची पाठ उभ्या धाग्याची. सोप एकच, पण धागा फिरला की उजेड वेगळा पडतो आणि पाणी पाण्यासारखं दिसतं. मी दुपारभर तिथेच बसले.

तू वेणी ओवायला सोपट भिजवून फाडतेस ना, अगदी तसंच तो फाडतो, अंगठ्याच्या नखाने. तेव्हा तुझी फार आठवण आली.

अचाये केरुनेनचं नाव त्यानेच काढलं. 2022 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत युगांडाचं दालन पहिल्यांदा लागलं, त्यात कॉलिन सेकाजुगोबरोबर तिचं काम होतं. दालनाला विशेष उल्लेखाचा मान मिळाला. केळीचा धागा, राफिया, ताडाची पानं यांचं विणकाम करणाऱ्या इथल्या बायकांबरोबर ती काम करते. त्यांच्या चटया-टोपल्या उसवून, जोडून भिंतभर रचना उभी करते. मला यात मोठं वाटतं ते हे, की त्या बायकांचं विणकाम झाकलं जात नाही, तेच समोर दिसतं. आम्ही बोलत असताना शेजारी एक पर्यटक होडीचं चित्र निम्म्या भावाला मागत होता. मला राग आला. चित्रकाराने सांगितले तेवढे शिलिंग मी मोजले.

रविवार, घाईत

कासुबीची राजसमाधी पाहिली, 2010 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. पण मन रमलं ते म्पिगीकडच्या एका छपरीत, तिथे सालीचं कापड करतात. मुतुबा झाडाची साल पावसाळ्यात सोलतात, उघड्या खोडाला केळीची पानं गुंडाळतात, मग साल पुन्हा धरते. झाड मरत नाही, वर्षानुवर्षं कापड देतं. खाचांच्या लाकडी मोगऱ्यांनी कुटून कुटून साल रुंद होत जाते, रंग विटेचा. माणूस गेला की यातच गुंडाळतात. 2005 मध्ये युनेस्कोने या कलेला मान दिला. कलाकार सना गतेजा कागदाचे मणी याच कापडावर शिवतात, जवळून बघितलं की मणी, लांबून चित्र. कुटणाऱ्या म्हाताऱ्याने मला मोगरा धरायला दिला. दोन्ही हातांनीही पेलेना.

बुधवारी निघते. दादाला न्यायला येऊ नको म्हण, सामान थोडं आहे. चित्र हातातच आणतेय. ओल लागली तर सोप बुरशी धरतो असं चित्रकाराने दोनदा बजावलंय आणि आपल्या देवघराच्या भिंतीला पावसाळ्यात पाणी झिरपतं, तेव्हा खिळा बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या वर मारून ठेवा.

तुझी लेक