आजीचं माहेर आणि स्टँडर्ड हेराल्ड

आगरदांड्याला, माझ्या आजोळी, सुपारीच्या वाडीमागे एक गाडी उभी असायची. वीस वर्षं नुसती उभीच! आजोबांची १९६४ सालची स्टँडर्ड हेराल्ड. बनली मद्रासला, पण आकार मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरचा. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर हेराल्डच्याच चॅसीवरून बेतलेली. म्हणजे आमची गाडी चक्क एका स्पोर्ट्स कारची थोरली बहीण!

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शेडवर माड कोसळला. शेड गेली, गाडी वाचली. मामाने मनावर घेतलं, हिला चालती करायचीच. पण अट अशी की स्क्रूसुद्धा मूळचाच हवा.

इथेच आमची जुंपली. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट्स खाऱ्या, दमट हवेत सारखे खराब व्हायचे. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाल. त्याच टोपणाखाली बसतं, बाहेरून दिसतही नाही.

"आज इग्निशन, उद्या म्हणशील मारुतीचं इंजिन टाक!" मामा तडकला.

तेवढ्यात गाडीखालून मिस्त्री म्हणाले, "ताई, खाऱ्या हवेला ओरिजिनल-बिरिजिनल कळत नाय." चॅसीचे बाजूचे हात पार सडले होते. तिथे नवा पत्रा वेल्ड करण्यावाचून इलाज नव्हता. मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. (मिस्त्रींकडून मीही शिकले. आम्ही 'लीफ स्प्रिंग'ची गणितं सोडवतो, ते 'पाटा' म्हणतात आणि हात लावून कुठला पिचलाय ते सांगतात.)

मग निघाला कागदांचा प्रश्न. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोज रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. मामा हरखला होता. आजी पडवीत सुपारी सोलत ऐकत होती.

"म्हणजे मला दिवेआगरला नाही नेणार?"

आजीचं माहेर दिवेआगर, खाडीपलीकडे. तिच्या तरुणपणी गाडी अलीकडे ठेवून होडीने दिघीला जावं लागे. नवऱ्याच्या गाडीतून माहेरच्या दारात ती कधी उतरलीच नव्हती! आता जंगल जेट्टीवर गाडी चढते, तर गाडीच काचेत ठेवायची?

मामा उठून वाडीत गेला. परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, "ते तुझं इग्निशन केवढ्याला पडेल?"

शेवटी साधी नोंदणीच नव्याने करून घेतली. डायनमो मूळचा ठेवला (तिथे मी हरले), ब्रेकला नवे लायनर, आजीच्या सीटला पट्टा. जुने पॉइंट्स बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेत.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. बोटीवर इंजिन बंद केलं तेव्हा माझ्या पोटात गोळा. दिघीला उतरताना पहिल्याच फटक्याला सुरू झालं! मामाने ऐटीत हॉर्न दिला.

"हा ह्यांचा हॉर्न नव्हे," आजी म्हणाली.

खरंच नव्हता. ओरिजिनलवाल्या मामाने तो गुपचूप नवा बसवला होता.